विद्यार्थी विनिमय : जाण्याची तयारी आणि बोलावण्याची तयारी

(विज्ञान शाखेचे विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



विज्ञान शाखेत शिकणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या अभ्यासक्रमातील एखादे सत्र परदेशातील विद्यापीठात कसे पूर्ण करावे, या विषयावर मी बोलावे अशी संयोजकांची इच्छा आहे. विषय व्यावहारिक आहे आणि तो तसाच ठेवण्याचा माझा प्रयत्न राहील. परंतु आरंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. 'परदेशी शिक्षण' हे शब्द कानावर पडले की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो पदवीनंतर अमेरिकेला निघालेला, विमानतळावर निरोप घेणारा आणि पुढे तीन-चार वर्षांतून एकदा दिवाळीला येणारा मुलगा. त्याच्याविषयी मी आज बोलणार नाही. तो स्वतंत्र विषय आहे आणि त्यावर आपल्याकडे पुष्कळ बोलून झाले आहे.

विद्यार्थी विनिमयाची व्यवस्था वेगळी आहे. तीत मुलगा किंवा मुलगी आपल्याच विद्यापीठाचा विद्यार्थी राहतो, शिक्षणशुल्क येथेच भरतो, चार-सहा महिने तिकडे शिकतो आणि तिकडे मिळवलेले श्रेयांक घेऊन पदवी मात्र येथेच घेतो. त्याच करारानुसार तिकडचा एक विद्यार्थी आपल्याकडे येतो. या शेवटच्या वाक्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. माझे आजचे बहुतेक म्हणणे त्याच वाक्याभोवती आहे. पण त्याकडे मी थोडा उशिरा वळेन, कारण समोर बसलेल्या विद्यार्थ्यांना आधी जाण्याची घाई आहे, हे मला दिसते आहे.

परदेशी जाणे म्हणजे देशाकडे पाठ फिरवणे, असे मानणारे काही सज्जन आपल्यातही आहेत. त्यांना मी एवढेच स्मरण देईन की स्वातंत्र्यवीर सावरकरांनी हिंदू समाजाच्या पायांतील ज्या सात बेड्या सांगितल्या, त्यांत सिंधुबंदी होती. मेघनाद साहांचे उदाहरण घ्या. १९१९ साली त्यांना प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती मिळाली. राजाबाई टॉवरसाठी देणगी देणारे मुंबईचे व्यापारी ते हेच प्रेमचंद. त्यांच्या पैशातून कोलकाता विद्यापीठातील एक तरुण युरोपात गेला. लंडनमध्ये फाउलर यांच्या आणि बर्लिनमध्ये नर्न्स्ट यांच्या प्रयोगशाळेत काम करून साहा परतले आणि पुढचे आयुष्य त्यांनी येथील विज्ञानाच्या उभारणीत घालवले. महत्त्वाची गोष्ट अशी की ताऱ्यांच्या वातावरणातील आयनीभवनाचा विचार ते निघण्यापूर्वीच करत होते. तिकडे त्यांना तो पडताळून, पक्का करून घ्यायचा होता. प्रश्न येथला आणि उपकरणे तिथली, असा तो प्रवास होता. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने जायचे ते असे.

आता प्रत्यक्ष व्यवहाराकडे येऊ.

पहिली पायरी म्हणजे आपल्या विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागाचा दरवाजा ठोठावणे. बहुतेक विद्यार्थी हे करत नाहीत. ते थेट एखाद्या दलालाच्या वातानुकूलित कार्यालयात जातात. तेथे त्यांना विनिमय कोणी सांगत नाही, कारण विनिमयात शुल्कमाफी असते आणि जेथे शुल्कच नाही तेथे दलाली कुठली? त्यांना सांगितले जाते ते संपूर्ण शुल्क भरून एक सत्र करण्याचे. नाव जवळपास सारखेच, खर्चात मात्र अनेक लाखांचे अंतर.

विद्यापीठात गेल्यावर 'आमचा अमुक विद्यापीठाशी सामंजस्य करार आहे' एवढे ऐकून परतू नये. सामंजस्य करारांची छायाचित्रे चौकटीत लावलेली मी अनेक कार्यालयांत पाहिली आहेत. त्यांतील कित्येक करार स्वाक्षरीच्या दिवशीच संपलेले असतात. म्हणून विचारावे की गेल्या दोन वर्षांत या करारानुसार कोणी गेले आहे काय, शुल्कमाफी लेखी आहे काय आणि करार संपूर्ण विद्यापीठाशी आहे की केवळ एका विभागाशी. अभियांत्रिकीसाठी झालेला करार रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला उपयोगी पडत नाही.

विद्यापीठाचा करार नसेल तर दुसरा मार्ग आहे. प्रयोगशाळेतील उन्हाळी संशोधन-उमेदवारी साधारण दोन-तीन महिन्यांची असते आणि आपल्या सुटीत बसते. जर्मनीची 'डाड' ही संस्था, फ्रान्सची शारपाक शिष्यवृत्ती, जिनिव्हाजवळील 'सर्न'चा उन्हाळी विद्यार्थी कार्यक्रम हे मार्ग आपल्या मुलांना खुले आहेत. २०१७ पासून भारत 'सर्न'चा सहयोगी सदस्यही आहे. 'डाड'चा उल्लेख आला म्हणून सांगतो, जगातील ही एवढी मोठी विनिमय संस्था १९२५ साली हायडेलबर्गमध्ये एका विद्यार्थ्याच्या पुढाकारातून सुरू झाली आणि आरंभीच्या शिष्यवृत्त्या होत्या अवघ्या तेरा. विद्यार्थी संघटनेत काम करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

यानंतरचा प्रश्न कालगणनेचा. कला शाखेच्या विद्यार्थ्यापेक्षा विज्ञानाच्या विद्यार्थ्याला तो अधिक छळतो, कारण प्रात्यक्षिकांची परीक्षा मागाहून घेता येत नाही. आपले विषम सत्र जून-जुलै ते नोव्हेंबर आणि सम सत्र डिसेंबर-जानेवारी ते मे. जर्मनीत हिवाळी सत्राची व्याख्याने ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत चालतात; म्हणजे ते सत्र पुरे करणाऱ्याचे आपल्याकडील पुढच्या सत्राचे दोन महिने बुडाले. उन्हाळी सत्र एप्रिल ते जुलै. म्हणजे येथील परीक्षा बुडाली. ऑस्ट्रेलियाचे दुसरे सत्र मात्र जुलैच्या अखेरीस सुरू होऊन नोव्हेंबरमध्ये संपते, आणि अमेरिकेचे शरद सत्र ऑगस्ट ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत असते. ही दोन्ही आपल्या विषम सत्राशी चांगली जुळतात. युरोपात जायचे असेल तर व्याख्यानांच्या सत्राऐवजी प्रबंधाचे किंवा प्रकल्पाचे सत्र निवडावे, कारण प्रकल्पाला घंटा नसते.

आणि आता सर्वांत अवघड भाग, श्रेयांकांचा.

सोफिया कोराडी नावाच्या एका इटालियन विद्यार्थिनीची गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. ती कायद्याची विद्यार्थिनी होती. फुलब्राइट शिष्यवृत्तीवर ती न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेली, तेथील पदव्युत्तर अभ्यासक्रम पुरा केला आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस रोमला परतली. तिच्या विद्यापीठाने तो सारा अभ्यास मोजण्यास नकार दिला. अपमानित झालेल्या त्या मुलीने पुढे अनेक वर्षे एकच गोष्ट लावून धरली की दुसऱ्या देशात केलेला अभ्यास आपल्या देशात मोजला गेला पाहिजे. १९८७ साली युरोपात 'इरॅस्मस' ही विनिमय योजना सुरू झाली, तिच्यामागे या बाईंची चिकाटी होती. पहिल्या वर्षी ३,२४४ विद्यार्थी गेले. आज ती संख्या लाखांत मोजतात.

आपल्याकडे हा प्रश्न सुटला आहे काय? कागदावर पुष्कळसा सुटला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने परदेशी विद्यापीठातील श्रेयांक येथील पदवीसाठी ग्राह्य धरण्याची वाट मोकळी केली. २०२१ मध्ये श्रेयांक पेढीचे नियम आले. २०२२ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी जोड-कार्यक्रमांत एकूण श्रेयांकांच्या तीस टक्क्यांपर्यंत शिक्षण परदेशी संस्थेत घेण्याची तरतूद केली. परंतु नियम दिल्लीत होतात आणि गुणपत्रक तालुक्याच्या गावी छापले जाते.

माझ्या परिचयाची सातारा जिल्ह्यातील एक विद्यार्थिनी भूभौतिकीचा अभ्यास करण्यासाठी एका सत्रापुरती युरोपात गेली. वडील प्राथमिक शिक्षक. पैशाची जुळवाजुळव कशी झाली असेल हे सांगायला नको. जाताना विभागप्रमुखांनी 'जा, आपण पाहून घेऊ' असे तोंडी सांगितले होते. ती परत आली तेव्हा ते विभागप्रमुख निवृत्त झाले होते. नव्या प्रमुखांनी तिला नियम विचारला. तिकडे प्रात्यक्षिके निराळी, आपल्याकडे निराळी. तासांची बेरीज जुळेना. त्या मुलीला ते संपूर्ण सत्र पुन्हा करावे लागले. कोणाचा दुष्ट हेतू त्यात नव्हता. कागद नव्हता, एवढेच.

म्हणून माझी विद्यार्थ्यांना आग्रहाची सूचना अशी की निघण्यापूर्वी एक तक्ता तयार करावा. डाव्या बाजूस आपला विषय, त्याचे घटक आणि श्रेयांक. उजव्या बाजूस तिकडच्या विषयपुस्तिकेतील समकक्ष विषय. आपल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाला चाळीस श्रेयांक आहेत, युरोपीय पद्धतीत साठ. म्हणजे त्यांचे सहा ते आपले साधारण चार. तंतोतंत जुळणारा विषय मिळत नाही आणि तो शोधण्याच्या नादात महिने घालवू नयेत. सत्तर टक्के जुळले तर उरलेल्या घटकांसाठी परतल्यावर स्वतंत्र परीक्षा देण्याची तयारी दाखवावी. या तक्त्यावर विभागप्रमुख, प्राचार्य आणि शक्य तेथे अभ्यासमंडळाची लेखी संमती घ्यावी. तोंडी आशीर्वाद नमस्कार करून स्वीकारावेत, पण त्यावर विमानाचे तिकीट काढू नये. प्रयोगशाळेच्या विषयांबाबत तिकडच्या विभागाला आधीच पत्र लिहून विनिमयाच्या विद्यार्थ्यास प्रवेश आहे काय हे विचारावे. जागा मोजक्या असल्याने पुष्कळ ठिकाणी तो नसतो. हे सारे करायला वर्ष-दीड वर्ष लागते. तिसऱ्या वर्षी जायचे असेल तर पहिले वर्ष संपताना आरंभ करावा.

पत्र लिहिण्याविषयी दोन शब्द. आपली मुले परदेशी प्राध्यापकांना पत्र लिहितात त्यांत 'आपल्या जगद्विख्यात संस्थेत येण्याचे माझे बालपणापासूनचे स्वप्न आहे' असे काही तरी असते. एकच मजकूर साठ जणांना जातो आणि साठांपैकी कोणाचेही उत्तर येत नाही. १९२४ च्या जून महिन्यात ढाका विद्यापीठातील तीस वर्षांच्या सत्येंद्रनाथ बोसांनी आइन्स्टाइनना पत्र लिहिले, ते असे नव्हते. त्यांनी सोबत आपला निबंध जोडला होता, त्यात काय सिद्ध केले आहे ते थोडक्यात सांगितले होते आणि योग्य वाटल्यास तो छापण्याची व्यवस्था करावी असे लिहिले होते. आइन्स्टाइननी तो स्वतः जर्मनमध्ये भाषांतरित करून प्रसिद्ध केला. पुढचा भाग अधिक मनोरंजक आहे. बोसांचा दोन वर्षांच्या अध्ययन-रजेचा अर्ज विद्यापीठाकडे होता; आइन्स्टाइनचे हस्तलिखित कार्ड दाखवताच रजा मिळाली आणि जर्मन वकिलातीने व्हिसाही विनाशुल्क दिला. आपल्याजवळ बोस-आइन्स्टाइन संख्याशास्त्र नसेल, पण त्या प्राध्यापकाचा एक निबंध मनापासून वाचून त्यावर एक नेमका प्रश्न विचारणे कोणत्याही प्रामाणिक विद्यार्थ्याला जमते. तीन पत्रे लिहावीत, पण अशी.

बोसांचीच दुसरी आठवण भाषेविषयीची आहे. पॅरिसमध्ये ते मादाम क्युरींना भेटले आणि त्यांच्या प्रयोगशाळेत काम करण्याची इच्छा त्यांनी व्यक्त केली. बाईंनी त्यांना आधी फ्रेंच नीट शिकण्याचा सल्ला दिला. बोसांना फ्रेंच आधीच येत होते. परंतु बाई इतक्या ठामपणे बोलत होत्या की मध्येच ते सांगण्याचे धाडस त्यांना झाले नाही. संकोच हा आपल्या मुलांचा जुना सोबती आहे. जेथे शिकवण्याचे माध्यम इंग्रजी असते तेथेही वसतिगृहाची नोटीस, प्रयोगशाळेतील धोक्याची पाटी आणि दुपारच्या जेवणाच्या टेबलावरचे बोलणे स्थानिक भाषेतच चालते. चार-सहा महिन्यांचा प्राथमिक अभ्यासक्रम करूनच जावे.

पैशाविषयी पालक विचारतील. विनिमयात शिक्षणशुल्क नसले तरी प्रवास, विमा, निवास आणि जेवण आपल्यालाच करावे लागते. जर्मनीसाठी व्हिसा मागताना निर्वाहाची रक्कम एका बंदिस्त खात्यात ठेवून दाखवण्याची पद्धत आहे. २०२४ साली ठरलेला तिचा आकडा दरमहा ९९२ युरो, म्हणजे वर्षाला ११,९०४ युरो असा आहे. हा आकडा पाहून अनेक घरांत विषय तेथेच संपतो. परंतु हे शुल्क नव्हे. हा आपलाच पैसा असतो आणि तो आपल्याच मुलाला तेथे दरमहा खर्चाला मिळतो. एका सत्रासाठी रकमेचा हिशेबही त्या प्रमाणात होतो. तरीही मध्यमवर्गीय कुटुंबाला तो जड आहे, हे मी नाकारत नाही. घर गहाण ठेवून एका सत्रासाठी जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शिष्यवृत्ती मिळाली नाही तर उन्हाळी उमेदवारीचा मार्ग धरावा. १८९२ साली जमशेटजी टाटांनी उच्चशिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्यांकरिता निधी स्थापन केला, तो कर्जाच्या रूपाने. म्हणजे एकाने फेडलेल्या पैशावर पुढचा जातो. आपल्या प्रत्येक जिल्ह्यात अशी एक छोटी पेढी, केवळ विज्ञानाच्या विद्यार्थ्यांच्या प्रवासखर्चापुरती, का असू नये?

दुसरी चिंता संस्कारांची. मुलगा बिघडेल काय, मुलगी एकटी कशी राहील, शाकाहाराचे काय? वीस वर्षे घरात घडलेले मूल सहा महिन्यांत बिघडत असेल, तर दोष त्या सहा महिन्यांचा मानू नये. जेवणाचे म्हणाल तर आईच्या हातचे खाणारे माझे कितीतरी विद्यार्थी तिकडे जाऊन कुकर लावायला शिकून आले. हा त्यांच्या भावी पत्नींवर झालेला मोठा उपकार आहे. पुष्कळ देशांत हिंदू स्वयंसेवक संघाचे काम आहे, कुटुंबे आहेत. पोचल्यावर त्यांचा परिचय अवश्य करून घ्यावा. परंतु प्रत्येक सायंकाळ आपल्याच माणसांत घालवायची असेल, तर एवढ्या दूर जाण्याचे कारण उरत नाही.

तेथून आणायचे काय, याविषयी मी थोडा अधिक बोलेन, कारण विज्ञान शाखेत हा भाग फार महत्त्वाचा आहे. आपल्याकडे जर्नल उतरवण्याची एक थोर परंपरा आहे. वरच्या वर्गातील विद्यार्थ्याचे जर्नल मिळवायचे, अपेक्षित उत्तर आधी पाहायचे, त्यावरून आलेख काढायचा आणि शेवटी निरीक्षणे भरायची. गुरुत्वत्वरणाचे मूल्य आमच्या प्रत्येक महाविद्यालयात अगदी ९.८ येते! तिकडच्या चांगल्या प्रयोगशाळेत पहिल्याच आठवड्यात विद्यार्थ्याला विचारतात, 'तुझ्या मोजमापात अनिश्चितता किती?' उत्तर चुकले तरी चालते. वहीत खाडाखोड असली तरी चालते. बनवलेला आकडा मात्र चालत नाही, त्यासाठी विद्यार्थ्याला काढून टाकतात. सत्य हे आपण धर्माचे लक्षण मानतो. मग प्रयोगवहीत ते का नसावे? परतून आलेला एक विद्यार्थी आपल्या वर्गात ही एक सवय रुजवू शकला, तरी त्याचे विमानभाडे वसूल झाले असे मी समजेन.

कमला सोहोनी १९३७ साली केंब्रिजला गेल्या आणि १९३९ मध्ये डॉक्टरेट घेऊन परतल्या. वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी असते हे त्यांनी तिकडे दाखवले. परतल्यावर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरेतील पोषणमूल्यांवर काम केले. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर स्त्रियांना तिचा उपयोग व्हावा हा त्यामागचा हेतू. केंब्रिजची जीवरसायनशास्त्राची दृष्टी आणि आपल्या झाडावरचा रस यांची ती भेट होती.

आता मी आरंभी राखून ठेवलेल्या वाक्याकडे येतो.

विनिमयाचा करार चालतो तो समतोलावर. आपले दोन विद्यार्थी तिकडे शुल्काविना शिकले, तर त्यांचे दोन येथे शुल्काविना शिकावेत, अशी अपेक्षा असते. आपले जातात आणि तिकडून कोणीच येत नाही, असे दोन-तीन वर्षे घडले की पलीकडचे कार्यालय नम्र शब्दांत कळवते की या वर्षी जागा उपलब्ध नाही. आपले अनेक करार असे मेले आहेत. आकडे पाहा. २०२४ साली परदेशात शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या तेरा लाखांच्या वर होती; आपल्याकडे शिकणारे परदेशी विद्यार्थी २०२१-२२ च्या सर्वेक्षणानुसार सुमारे सत्तेचाळीस हजार, आणि त्यांतील सर्वांत मोठा वाटा शेजारच्या नेपाळचा. विश्वगुरू हा शब्द आपण फार सहज वापरतो. गुरूच्या घरी शिष्य यावे लागतात.

ते कधी काळी येत होते. इत्सिंग हा चिनी भिक्षू सातव्या शतकात नालंदाला आला, तो वाटेत सुमात्रातील श्रीविजय राज्यात सहा महिने थांबून संस्कृत व्याकरण शिकून. आपल्यामागून येणाऱ्यांनीही तसेच करावे, असे त्याने लिहून ठेवले. नालंदाला तो सुमारे दहा वर्षे राहिला. याहून बोलका पुरावा नवव्या शतकातील एका ताम्रपटाचा आहे. सुवर्णद्वीपाचा राजा बालपुत्रदेव याने नालंदाला एक विहार बांधला आणि पालवंशीय राजा देवपाल याने त्याच्या विनंतीवरून त्या विहाराच्या निर्वाहासाठी पाच गावे दिली. त्या उत्पन्नातून भिक्षूंचे अन्न, औषधे आणि ग्रंथांचे लेखन व्हावयाचे होते. इमारत पाहुण्या देशाची, खर्च यजमान देशाचा! आजच्या भाषेत यालाच आपण वसतिगृहासह झालेला द्विपक्षीय करार म्हणू. नालंदा पुढे उद्ध्वस्त झाले हे आपण नेहमी सांगतो, आणि ते सांगितलेच पाहिजे. परंतु ते चालत असताना कसे चालत होते, तेही सांगावे. पाच गावांच्या अन्नावर चालत होते.

परदेशी विद्यार्थ्याने आपल्याकडे काय शिकावे, असे काही प्राचार्य मला विचारतात. मला या प्रश्नाचे नवल वाटते. नारायणगावजवळ खोडद येथे पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. जगभरातील खगोलशास्त्रज्ञ तिच्यावर वेळ मागतात. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर बेसाल्ट खडकातील उल्काविवराचा जगातील अत्यंत दुर्मीळ नमुना आहे. दख्खनचे लाव्हाथर प्रत्यक्ष पाहण्यासाठी भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला आपल्या घाटांतच यावे लागते. मघा सांगितलेल्या सातारच्या मुलीला तिकडच्या प्राध्यापकांनी पहिल्या भेटीत विचारले होते, 'कोयना तुझ्या घरापासून किती दूर?' ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपांचे उदाहरण म्हणून जगभर अभ्यासला जातो. त्या परिसरात २०१७ साली तीन किलोमीटर खोलीचे संशोधन-विवर खोदून झाले आहे. मुलीचे गाव तेथून तीस किलोमीटरवर. तिने धरण पाहिले होते ते शाळेच्या सहलीत.

पण त्या मुलीने पुढे जे केले ते मला फार मोलाचे वाटते. परतल्यावर तिचे सत्र वाया गेले, तरी तिने तिकडच्या विभागाशी पत्रव्यवहार ठेवला आणि दुसऱ्या वर्षी तेथील दोन विद्यार्थी कोयना परिसरात क्षेत्रकार्यासाठी आले. महाविद्यालयाकडे त्यांना ठेवायला खोली नव्हती. ते तीन आठवडे तिच्या घरी राहिले. तिच्या आईला चिंता होती की ही गोरी मुले काय खाणार. ती मुले भाकरी, पिठले आणि ठेचा खात होती आणि ओट्यावर बसून भूकंपलेखांचे कागद पसरत होती. गावातील वृद्ध त्यांना १९६७ च्या पहाटेच्या आठवणी सांगत आणि ही मुलगी भाषांतर करी. पुढच्या वर्षी त्याच विभागाने आपल्याकडच्या दोन विद्यार्थ्यांना बोलावले, आणि या वेळी श्रेयांकांचा तक्ता दोन्हीकडच्या स्वाक्षऱ्यांनिशी आधी तयार झाला.

हे आपल्याला नवीन नाही. १९६६ पासून अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेने आंतरराज्य छात्र जीवन दर्शनाच्या माध्यमातून ईशान्य भारतातील विद्यार्थ्यांना इतर प्रांतांतील घराघरांत नेले. या सभागृहात अशी कुटुंबे असतील की ज्यांच्या स्वयंपाकघरात नागालँडचा किंवा अरुणाचलचा विद्यार्थी पाटावर बसून जेवला आहे. सावरकरांच्या सात बेड्यांत सिंधुबंदीप्रमाणे रोटीबंदीही होती. जे आपण कोहिमाच्या मुलासाठी केले, ते क्योटोच्या किंवा नैरोबीच्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यासाठी करणे कठीण नाही. आफ्रिका आणि आग्नेय आशियाचा मी मुद्दाम उल्लेख करतो, कारण विनिमय म्हटले की आपली नजर फक्त पश्चिमेकडे जाते.

महाविद्यालयांच्या संचालकांनी दोन खोल्या नीट करून द्याव्यात, स्वच्छ स्वच्छतागृहासह. परदेशी विद्यार्थ्याच्या नोंदणीचे कागद पाहणारा एक जाणकार लिपिक नेमावा. आणि आपल्या परिसरात विज्ञानाच्या दृष्टीने पाहण्याजोगे काय आहे याची चार पानांची इंग्रजी पुस्तिका काढावी. एवढ्यावर करार जिवंत होतो.

घरांचे काम आपले आहे. संयोजकांशी बोलून मी बाहेरच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. एखाद्या परदेशी विद्यार्थ्याला पंधरा दिवस ते एक सत्र आपल्या घरी ठेवून घेण्याची ज्यांची तयारी असेल, त्यांनी आपले नाव तीत लिहावे. रकाने चारच आहेत : नाव, गाव, घरी इंग्रजी बोलणारे कोणी आहे काय, आणि स्वयंपाक कोणता. ज्या विद्यार्थ्यांना स्वतःला जायचे आहे, त्यांनी आपल्या आईवडिलांना त्या टेबलापर्यंत घेऊन यावे.